बॉस्टनच्या थडग्यांवरील कवट्या



आपल्या भाषेत ‘स्मशानवैराग्य’ असा एक मोठा मार्मिक शब्द आहे. चिता पेटलेली असते तोवर माणसाला सारा संसार तुच्छ वाटतो. नदीवर स्नान करून तो घरी परतला, की देण्याघेण्याचे हिशेब पुन्हा सुरू होतात. आज मी ज्या लोकांची हकीकत आपल्यापुढे ठेवणार आहे, त्यांनी हे क्षणाचे वैराग्य दगडात कोरून कायम करण्याचा प्रयत्न केला. तो कितपत साधला, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हे लोक म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंड सोडून अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर जाऊन राहिलेले प्युरिटन पंथाचे ख्रिस्ती होत. १६३० साली त्यांनी बॉस्टन शहर वसविले. तेथील तीन जुन्या दफनभूमी आजही पाहावयास मिळतात: किंग्ज चॅपलजवळची १६३० ची, कॉप्स हिलची १६५९ ची आणि ग्रॅनरी या नावाची १६६० ची. आत पाऊल टाकले, की पाटीच्या दगडाच्या काळसर शिळा उभ्या दिसतात. त्यांचा माथा गोलाकार असतो आणि त्या गोलाईत एक कवटी कोरलेली असते. डोळ्यांच्या खोल खोबण्या, उघडे दात आणि दोन्ही बाजूंस पसरलेले पंख. कोठे वाळूचे घड्याळ, कोठे एकमेकांवर तिरपी ठेवलेली हाडे, कोठे शवपेटी, तर कोठे खड्डा खणणाऱ्याची कुदळ आणि फावडे. काही शिळांवर ‘मेमेंतो मोरी’ हे लॅटिन शब्द आहेत. ‘मरण विसरू नकोस’ असा त्यांचा भाव.

येथे एक शंका साहजिकच उत्पन्न होते. प्युरिटन हे मूर्तींचे कट्टर विरोधक. त्यांच्या प्रार्थनामंदिरात ना चित्र, ना पुतळा, ना क्रूस. मग थडग्यावर कवटी कशी चालली? याचे उत्तर असे, की त्यांच्या लेखी दफन हा धार्मिक विधीच नव्हता. इंग्लंडमधील प्युरिटनांनी १६४५ साली उपासनेचे जे नियम ठरविले, त्यांत प्रेत कोणत्याही विधीशिवाय पुरावे असे सांगितले होते. बॉस्टनच्या या दफनभूमीही चर्चच्या नव्हेत, त्या नगराच्या मालकीच्या होत्या. किंग्ज चॅपल हे अँग्लिकन चर्च तर दफनभूमीच्या जागेत मागाहून, म्हणजे १६८८ साली आले. उपासनेच्या जागी जे निषिद्ध, ते नगराच्या जमिनीवर चालले. कवटीची कोणी पूजा करणार नव्हते. ती वाचावयाची होती. ज्याला अक्षरे येत नव्हती त्यालाही ती वाचता येई.

या चित्रांत भीती आहे, परंतु केवळ भीतीच नाही. किंग्ज चॅपलच्या दफनभूमीत जोसेफ टॅपिंग नावाच्या तरुणाची शिळा आहे. तो १६७८ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी वारला. शिळेवर एक मेणबत्ती जळते आहे. हाडांचा सापळा, म्हणजे मृत्यू, ती विझविण्यास पुढे सरला आहे, आणि दाढीवाला काळपुरुष त्याला आवरू पाहत आहे. हे चित्र पाथरवटाच्या कल्पनेतले नव्हे. इंग्रज कवी फ्रान्सिस क्वार्ल्स याच्या १६३८ सालच्या सचित्र पुस्तकावरून ते घेतलेले आहे. लंडनच्या पुस्तकातले पान समुद्रापलीकडे दगडावर उतरले. कवटीच्या पंखांचा अर्थही पुष्कळजण असाच लावतात, की देह झिजून हाड उरले तरी आत्मा उडून जातो.

हे दगड घडविणारे कोण होते? चार्ल्सटाउन येथे जोसेफ लॅमसन (१६५८–१७२२) आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांनी हाच उद्योग केला. अशा कारागिरांची नावे उजेडात आणण्याचे मोठे श्रेय हॅरिएट मेरिफील्ड फोर्ब्ज या बाईंच्या १९२७ सालच्या ग्रंथाला आहे. मृतांच्या मालमत्तेचे जे हिशेब न्यायालयात दाखल होत, त्यांत थडग्याच्या दगडाचे पैसे कोणाला दिले हे लिहिलेले असे. त्या नोंदी आणि दगड एकत्र ठेवून कारागीर ओळखता आले. इतिहासाचे पुष्कळसे काम असेच वाण्याच्या वहीसारख्या रुक्ष कागदांतून होत असते.

त्या काळी मरण घरातच वावरत होते. प्रसिद्ध धर्मोपदेशक कॉटन मॅदर याच्या घरी १७१३ च्या गोवराच्या साथीत पत्नी, नवजात जुळी मुले, एक लहान मुलगी आणि घरातील दासी अशी पाच माणसे गेली. त्याच्या पंधरा मुलांपैकी दोनच त्याच्यामागे राहिली. १७२१ साली देवीची साथ आली, तेव्हा सुमारे ११,००० वस्तीच्या बॉस्टनमध्ये ८४४ माणसे दगावली. अशा नगरात मरणाची आठवण दगडाने करून देण्याची गरज ती काय होती? परंतु माणूस रोज जे पाहतो तेच लवकर विसरतो, हे त्या लोकांना ठाऊक असावे.

पुढे कवटीही मागे पडली. जेम्स डीट्झ आणि एडविन डेथलेफ्सेन या दोन अभ्यासकांनी १९६० नंतरच्या दशकात मॅसॅच्युसेट्समधील दफनभूमींतून शिळा मोजल्या. प्रत्येक शिळेवर साल असल्यामुळे क्रम लावणे सोपे होते. अठराव्या शतकात कवटीच्या जागी हळूहळू पंख असलेला गुबगुबीत देवदूताचा चेहरा येतो. बॉस्टन-केंब्रिजच्या बाजूस तो आधी दिसतो, खेड्यांत उशिरा. शतक संपता संपता देवदूतही जातो आणि रक्षाकलश व त्यावर झुकलेला विलो वृक्ष येतो. मजकूरही पालटतो. ‘येथे अमक्याचा देह आहे’ याऐवजी ‘अमक्याच्या स्मृतीस’ असे शब्द येतात. १८३१ साली केंब्रिजजवळ माउंट ऑबर्न ही बागेसारखी दफनभूमी झाली, तेव्हा मरणाची जागा फिरावयास जाण्याची जागा बनली. या बदलाच्या कारणांविषयी विद्वानांत मतभेद आहेत. जुना कडक धर्मविचार सैल झाला, हे एक कारण बहुधा खरे. मात्र जो दगड पूर्वी वाटसरूला बजावत होता, तो आता आप्तांचे सांत्वन करू लागला, एवढे स्पष्ट दिसते.

मग कोरलेले वैराग्य टिकले का? यासाठी एक हकीकत सांगतो. सॅम्युएल सिवॉल हा बॉस्टनचा न्यायाधीश. १६९२ साली सेलम येथे चेटकाच्या आरोपावरून एकोणीस माणसांना फाशी झाली. त्या न्यायमंडळात तो होता. २३ डिसेंबर १६९६ रोजी त्याची लहानगी सारा वारली. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलाने घरी बायबलमधला एक उतारा वाचला. त्यात निरपराधांना दोषी ठरविण्याविषयीचे वचन होते. सेलमची आठवण होऊन आपण हादरलो, असे सिवॉलने रोजनिशीत नोंदविले आहे. २५ तारखेस साराला पुरले. प्युरिटन नाताळ पाळीत नसत. त्या दिवशी तो कुटुंबाच्या थडग्यात उतरला आणि सासू, सासरे व आपली सहा मुले यांच्या शवपेट्यांजवळ उभा राहिला. सुमारे तीन आठवड्यांनी, १४ जानेवारी १६९७ रोजी, भरल्या प्रार्थनामंदिरात तो आपल्या जागी उभा राहिला, आणि त्याने लिहून दिलेला अपराधाचा कबुलीजबाब धर्मोपदेशकाने सर्वांसमक्ष वाचून दाखविला. त्या नऊ न्यायाधीशांपैकी असे जाहीरपणे करणारा तो एकटाच. १७०० साली त्याने गुलामगिरीच्या विरुद्ध पुस्तिकाही छापली.

केवळ शवपेट्या पाहून हे घडले असे मी म्हणत नाही. त्याच कवट्यांच्या शेजारून बाकीचे आठ न्यायाधीशही ये-जा करीतच होते. त्यांचे वैराग्य, असलेच तर, फाटकाबाहेर पडताच संपले. एकाचे तेवढे घरापर्यंत आणि घरातून न्यायमंदिराच्या पापापर्यंत पोचले. दगड इतकेच करू शकतो: तो वाट अडवून उभा राहतो. पुढचे काम ज्याचे त्याने करावयाचे असते. सिवॉल १७३० साली वारला. तोही ग्रॅनरीतच विसावला आहे.