पाठमोरे चित्र

माझ्या आजीचे एकही छायाचित्र आमच्या घरात नाही. फोटो काढला की आयुष्य कमी होते, अशी तिची पक्की समजूत होती. कॅमेरा दिसला की ती पदर सावरीत माजघरात नाहीशी होई आणि आम्ही पोरे खदखदून हसत असू. पुढे छायाचित्रकलेचा इतिहास वाचताना एका चित्रापाशी मी थबकलो, आणि ते हसू ओसरले.

ते चित्र १८५८ सालचे. इंग्लंडातील लेमिंग्टन गावच्या हेन्री पीच रॉबिन्सन नावाच्या तरुण फोटोग्राफरने ते केले. त्याचे नाव ‘फेडिंग अवे’, म्हणजे हळूहळू मावळत जाणे. उशीला टेकलेली एक कृश मुलगी शेवटच्या घटका मोजते आहे. तिच्यामागे एक स्त्री उभी आहे, पायथ्याशी दुसरी बसली आहे. खिडकीशी एक पुरुष पाठमोरा उभा राहून बाहेरच्या आकाशाकडे पाहतो आहे. रोगाचे नाव कोठे लिहिलेले नाही. पण त्या काळी क्षयाची ओळख करून द्यावी लागत नसे. कॉखला त्याचे जंतू सापडले ते १८८२ साली. गुणकारी औषध तर विसाव्या शतकातले.

चित्र प्रदर्शनात लागले आणि टीकेचा गहजब उडाला. मृत्युशय्येची रंगीत चित्रे लोक खुशाल पाहत होते. परंतु चित्रकार कल्पनेने रंगवतो, कॅमेरा समोर असेल तेच टिपतो! मग हा गृहस्थ यंत्र घेऊन कोणाच्या मरणाच्या खोलीत शिरला होता?

कोठेच नाही. ती मुलगी चौदाएक वर्षांची, चांगली धडधाकट होती. ती मरणाच्या किती जवळ भासवता येते हे पाहण्यासाठी चित्र केले, असे रॉबिन्सननेच सांगितले. खोलीतील माणसे आणि बाहेरचे आकाश त्या वेळच्या काचेवर एकदम नीट उमटत नसत. म्हणून त्याने पाच निगेटिव्ह वापरल्या. बाकीचा कागद झाकून एकेक भाग त्याच कागदावर छापला. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स आल्बर्ट यांनी त्याची प्रत विकत घेतली. तीन वर्षांनी, १८६१च्या डिसेंबरात, बेचाळिसाव्या वर्षी तेही गेले.

मुलीचे आजारपण खोटे, हे कळल्यावरही चित्राची धास्ती कमी होत नाही. कारण माझी नजर तिच्यावर ठरतच नाही. ती त्या पाठीवर जाते. मरणाऱ्याकडे पाहवत नाही आणि खोली सोडून जाववतही नाही, अशी ती पाठ आहे. ती खोटी म्हणता येत नाही.

आजीची दोन मुले लहानपणीच गेली होती. हे मला फार उशिरा कळले. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ती कणकेचा दिवा करी, वात दक्षिणेकडे वळवी आणि यमाला हात जोडून घरातल्या प्रत्येकाचे नाव पुटपुटे. अगदी पाळण्यातल्या तान्ह्याचेसुद्धा. आयुष्य कमी होण्याचे तिचे भय कोठून आले होते, ते तेव्हा विचारायचे सुचले नाही.

आता तो दिवा मी लावतो. आजीचा चेहरा धूसर होत चालला आहे. पण अंगणात दिव्यापाशी वाकलेली तिची पाठ मात्र मला आजही स्पष्ट दिसते.