परत आलेलं पत्र कुणाचं?

एखादी ईमेल बाउन्स झाली की आपण पत्ता तपासतो, पुन्हा पाठवतो, विषय संपला. पण हजार जणांची मेलिंग लिस्ट चालवणाऱ्याचा विषय तिथेच सुरू होतो! कुठला पत्ता कायमचा बंद पडलाय आणि कुठली मेलबॉक्स नुसतीच भरलीये, हे ओळखायचं कसं? चुकलं तर चांगला सभासद गुपचूप यादीबाहेर.

मंडळी, हे दुखणं जुनं आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे नियम लिहिले, तेच आरएफसी ८२१. पत्र पोचलं नाही तर पाठवणाऱ्याला तसं कळवायचं, हे त्यात आहे. पण ते कळवणारं पत्रही परत आलं तर? मग त्याची तक्रार, मग त्या तक्रारीची तक्रार... दोन सर्व्हर जन्मभर चेंडू टोलवत बसतील! म्हणून उपाय असा, की या निरोपाच्या लिफाफ्यावर परतीचा पत्ता कोराच ठेवायचा. आजही तसंच चालतं.

लिस्टवाल्यांची डोकेदुखी मात्र वेगळी. प्रत्येक सर्व्हरची बाउन्स लिहायची तऱ्हा निराळी. त्यातून सभासदाने मेल दुसऱ्या पत्त्यावर वळवली असेल, तर निरोपात भलताच पत्ता, जो यादीत नाहीच! १९९६ मध्ये ठराविक साचा आला, पण सगळे तो पाळतील तर शपथ.

१९९७ मध्ये क्यूमेल लिहिणाऱ्या डॅनियल बर्नस्टाइन यांनी वेगळीच शक्कल मांडली. निरोप वाचायचाच कशाला? प्रत्येक प्रतीवरचा परतीचा पत्ताच वेगळा ठेवा आणि त्यात त्या सभासदाचा पत्ता गुंफा. बाउन्स कुठल्या पत्त्यावर आला, त्यावरूनच सभासद कळतो. हेच ते 'व्हर्प'. प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवावी लागते, एवढाच खर्च. मला तरी हे अफाट आवडतं.

पुढे मेलमनसारख्या सॉफ्टवेअरने बाउन्सचे गुण मोजायला घेतले. ठरावीक गुण भरले की त्या सभासदाची मेल बंद.

आणि मग आला एप्रिल २०१४. आपल्या नावाने आलेली पण पडताळणीत न बसणारी पत्रं सरळ नाकारा, असं याहूने डीमार्कद्वारे इतर सर्व्हरना सांगितलं. लिस्ट तर पत्राखाली तळटीप जोडते, विषयात स्वतःचं नाव घालते, म्हणजे मूळची सही मोडणारच. झालं! याहूवाल्याने लिस्टवर लिहिलं की जीमेल ते नाकारणार, आणि बाउन्सचे गुण बिचाऱ्या जीमेलवाल्या सभासदाच्या खात्यावर. पत्ता ठणठणीत, तरी मेल बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

थोडक्यात काय, पत्र कुणाचं परत आलं हे व्हर्प अचूक सांगतं. का परत आलं, हे नाही. ते निरोपातच लिहिलेलं असतं. नाव खोडण्याआधी तेवढं वाचायला काय हरकत आहे?