दहा राग आणि डिस्कोचा ठेका : चरणजीत सिंग यांची ध्वनिमुद्रिका

मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतील वादक चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी आज जगभरातील इलेक्ट्रॉनिक संगीताच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या मुद्रेखाली ती बाजारात आली, तेव्हा मात्र तिची फारशी विक्री झाली नाही. अॅसिड हाऊस आणि त्यापुढील ट्रान्स या नृत्यसंगीताच्या प्रकारांशी असलेले तिचे साम्य सुमारे तीन दशकांनी जगाच्या लक्षात आले.

सिंग यांचा जन्म १९४० चा. बास गिटार, गिटार, ट्रान्सिकॉर्ड आणि पुढे सिंथेसायझर अशी वाद्ये त्यांनी शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, राहुलदेव बर्मन आदी संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणांत वाजविली. त्या काळी वाद्यवृंदातील वादकांची नावे तबकडीच्या वेष्टनावर सहसा येत नसत. गाणे गायक आणि संगीतकाराच्या नावे ओळखले जाई. ज्यांच्या हातून ते प्रत्यक्ष वाजले, ते पडद्याआडच राहत. सिंग यांनी चित्रपटगीतांच्या वाद्यसंगीताच्या काही ध्वनिमुद्रिका स्वतःच्या नावाने काढल्या होत्या, परंतु त्याही दुसऱ्यांच्या चालींच्याच होत्या.

हा डिस्कोचा काळ होता. १९८० मध्ये ‘कुर्बानी’तील नाझिया हसनच्या गाण्याने देशभर धुमाकूळ घातला होता आणि १९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’ प्रदर्शित झाला. चित्रपटांसाठी हाच ठेका वाजविणाऱ्या सिंग यांना तो ठेका घेऊन त्यावर राग वाजवावेत, तबला मात्र बाजूला ठेवावा, अशी कल्पना सुचली. त्यांच्यापाशी जपानच्या रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रे होती : ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बासचे स्वर देणारे छोटे यंत्र.

यातील टीबी-३०३ कडे थोडे बारकाईने पाहावयास हवे, कारण सारी कथा त्याच्याभोवती फिरते. बास वाजविणारा साथीदार नसलेल्या गिटारवादकाची सोय व्हावी, हा ते बनविण्यामागील हेतू होता. त्या कामी ते अपयशी ठरले, कारण त्याचा आवाज खऱ्या बास गिटारसारखा नव्हता. १९८४ च्या सुमारास कंपनीने त्याचे उत्पादन थांबविले आणि जुन्या बाजारात ते मातीमोल भावाने मिळू लागले. शिकागोतील ‘फ्यूचर’ या त्रयीने असेच एक यंत्र मिळवून त्याच्या कळा वाजत्या स्वरावरच फिरविल्या. स्वर कधी गढूळ, कधी किंचाळता होत गेला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘अॅसिड ट्रॅक्स’पासून अॅसिड हाऊस या प्रकाराला नाव आणि ओळख मिळाली. त्या शैलीचे पडसाद पुढे युरोपातील ट्रान्समध्ये आणि १९९० च्या दशकात हणजूणच्या किनाऱ्याशी जोडल्या गेलेल्या गोवा ट्रान्समध्येही उमटले.

सिंग यांनी हेच यंत्र त्याच्या पाच वर्षे आधी वापरले होते, आणि तेही वेगळ्या कारणाने. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय आहे. पियानो किंवा हार्मोनियममध्ये ती नाही. रागसंगीतात मींडीला जे स्थान आहे ते पाहता, हे यंत्र भारतीय वादकाच्या हाती पडणे हा सुखद योगायोगच म्हणावा लागेल. दुसरे असे की, रागात पाश्चात्त्य पद्धतीची स्वरसंवादांची साखळी नसते. षड्ज अढळ असतो आणि सारा विस्तार त्याच्याभोवती होतो. हाऊस आणि ट्रान्स संगीतही बऱ्याच अंशी एकाच आधारस्वरावर, पुनरावृत्तीतून उभे राहते. त्यामुळे सिंग यांच्या तबकडीत बासची अखंड फिरणारी स्वरावली काही प्रमाणात तंबोऱ्याची जागा घेते.

तबकडीत भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघ, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग आहेत. त्यांपैकी भूपाळी, मेघ, कलावती, मालकंस आणि बैरागी हे पाच राग औडव, म्हणजे पाच स्वरांचे आहेत. मोजक्या स्वरांत ठसठशीत रूप उभे करणारे हे राग यंत्राच्या आवृत्त्यांत सहज सामावतात. ललत आणि तोडीच्या बाबतीत मात्र अडचण होते. तोडीचा कोमल गंधार गवई जितका उतरलेला लावतात, तितका समान अंतरांच्या बारा स्वरांत बांधलेल्या यंत्रावर मिळत नाही. जाणकाराच्या कानाला ही उणीव जाणवल्याशिवाय राहत नाही. मैफलीची सांगता ज्या भैरवीने करण्याचा प्रघात आहे, ती येथे पहिलीच आहे. पहाटेचा ललत आणि उत्तररात्रीचा मालकंस एकाच ठेक्यावर येतात, म्हणजे रागसमयाचा विचारही बाजूला पडला आहे. तरीही प्रत्येक रागाची चलन ओळखू येते, हे श्रेय बोटांनी कीबोर्ड वाजविणाऱ्या वादकाचे आहे.

नेदरलँड्सचे संग्राहक एडो बाऊमन यांना २००२ मध्ये दिल्लीत ही तबकडी जुन्या मालात मिळाली. पुढे त्यांनी मुंबईत सिंग यांची भेट घेतली आणि २०१० मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या संस्थेतर्फे ती पुनःप्रकाशित केली. ती ऐकून युरोपातील काहींना हा बनाव वाटला. एखाद्या आधुनिक संगीतकाराने जुन्या यंत्रांवर नवी रचना करून तिला १९८२ चा मुखवटा चढविला असावा, अशी शंका उघडपणे घेतली गेली. मुंबईतील एका वादकाने हे त्या वर्षी केले असेल, यावर विश्वास ठेवण्यापेक्षा लबाडीचा तर्क करणे अनेकांना सोपे वाटले.

शंका फिटल्यावर काहींनी सिंग यांना अॅसिड हाऊसचे जनक ठरविले. ते मात्र तितकेसे बरोबर नाही. शिकागोची शैली तेथील नृत्यगृहांतून वाढली, या तबकडीतून नव्हे. टीबी-३०३ वापरणारेही ते एकटे नव्हते. ब्रिटनमधील ‘ऑरेंज ज्यूस’ या गटाच्या १९८३ मधील ‘रिप इट अप’ या गाण्यातही ते ऐकू येते. सिंग यांचे वेगळेपण असे की, इतरांना सोबतीचे वाटलेले यंत्र त्यांनी आख्ख्या तबकडीच्या केंद्रस्थानी ठेवले.

पुनःप्रकाशनानंतर सिंग यांना युरोपातील महोत्सवांची निमंत्रणे आली. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी तेथील तरुण श्रोत्यांसमोर हेच राग पुन्हा वाजविले. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या वर्षी रोलँड कंपनीने टीबी-३०३ ची नवी, डिजिटल आवृत्ती टीबी-०३ या नावाने बाजारात आणली.