दोन महालांमधला रस्ता : कैरो आणि तिची कादंबरी

कैरोविषयी लिहिताना एक द्वंद्व हमखास वापरले जाते. पूर्वेला वाकड्यातिकड्या गल्ल्यांचे, आपोआप वाढलेले मध्ययुगीन शहर. पश्चिमेला नाईलच्या बाजूस सरळ रस्त्यांचे, आखून बांधलेले आधुनिक शहर. नगीब महफूज यांच्या 'कैरो त्रयी'ची (१९५६-५७) चर्चाही पुष्कळदा याच चौकटीत होते : जुनी गल्ली म्हणजे परंपरा, नवा रस्ता म्हणजे आधुनिकता. हे द्वंद्व इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, हे तपासून पाहणे आम्हांला अगत्याचे वाटते.

मुळात जुने कैरो हेच आखून वसवलेले शहर होते. इ. स. ९६९ मध्ये फातिमी सेनापती जौहर याने खलिफा अल-मुइझसाठी 'अल-काहिरा', म्हणजे 'विजयिनी', ही नगरी वसवली. तटबंदीच्या आत उत्तर-दक्षिण जाणारा एक राजमार्ग होता आणि त्याच्या मध्यावर समोरासमोर दोन महाल. मधल्या प्रशस्त मोकळ्या जागेचे नाव 'बैन अल-कस्रैन', अर्थात 'दोन महालांच्या मध्ये'. सामान्य लोकांची वस्ती आणि व्यापार दक्षिणेकडच्या फुस्तातमध्ये होता. अल-काहिरा ही राजाची आणि सैन्याची नगरी. ११७१ मध्ये सलाहुद्दीनने फातिमी सत्ता संपवली आणि ही राजनगरी सर्वांची झाली. पुढे घरे, दुकाने, मदरसे त्या मोकळ्या जागेत सरकत आले. पश्चिमेकडील महालाच्या जागी १२८४-८५ मध्ये सुलतान कलावूनने रुग्णालय, मदरसा आणि स्वतःची कबर असा समूह उभारला. महाल गेले, नाव तेवढे उरले. गल्ल्यांचा वाकडेपणा हा नियोजनाचा अभाव नव्हे. एका आखीव नगरीवर शतकानुशतके माणसे राहिल्याची ती खूण आहे.

याच रस्त्यावरची अल-अक्मर मशीद (११२५) या दृष्टीने विलक्षण बोलकी आहे. मशिदीचा अंतर्भाग मक्केच्या दिशेला वळलेला असावा लागतो. रस्त्याची दिशा मात्र वेगळी. स्थापत्यकाराने आतली रचना मक्केकडे वळवली, दर्शनी भिंत रस्त्याला समांतर ठेवली आणि दोहोंमधला कोन भिंतीच्या कमीजास्त जाडीत जिरवून टाकला. बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. धर्माचे आणि रस्त्याचे असे दोन्ही हक्क मान्य करणाऱ्या वास्तूला 'अनियोजित' कसे म्हणावे?

नव्या शहराची कथाही तितकीशी सरळ नाही. १८६७ चे पॅरिसचे प्रदर्शन पाहून आलेल्या खेदिव इस्माईलला सुएझ कालव्याच्या उद्घाटनापूर्वी (१८६९) युरोपला दाखवण्याजोगी राजधानी हवी होती. जुन्या शहरात खोलवर हात घालण्याइतका वेळ नव्हता, म्हणून पश्चिमेच्या मोकळ्या जमिनीवर नवी पेठ आखली गेली. ऑपेरागृह उभे राहिले, एझबेकिया बाग नव्याने रचली गेली. या कामाची धुरा वाहणारे मंत्री अली मुबारक यांनी पुढे शहरातील रस्त्या-वास्तूंचा वीस खंडांचा वृत्तांत लिहिला. त्यासाठी त्यांनी स्वीकारलेला साहित्यप्रकार पंधराव्या शतकातील इतिहासकार अल-मक्रिझीचा : 'खितत', म्हणजे पेठांच्या क्रमाने सांगितलेला इतिहास. नव्या शहराच्या शिल्पकारालाही जुन्या शहराच्याच वाङ्मयीन परंपरेत लिहावेसे वाटले, हे साहित्याच्या अभ्यासकांनी विसरू नये. कर्जाच्या ओझ्याखाली इस्माईल १८७९ मध्ये पदच्युत झाला आणि १८८२ मध्ये इंग्रज आले. सरळ रस्त्यांची किंमत ही अशी चुकवावी लागली.

आता महफूज यांच्याकडे वळू. १९११ मध्ये गमालिया या जुन्या पेठेत जन्मलेल्या या लेखकाने त्रयीच्या तिन्ही भागांना तिथल्याच जागांची नावे दिली. पहिल्याचे नाव 'बैन अल-कस्रैन'. त्यातली अमीना लाकडी जाळीच्या मश्रबियाआडून रस्ता पाहते. मश्रबिया वारा आत घेते, ऊन अडवते आणि बाईला न दिसता पाहू देते. म्हणजे ती एकाच वेळी खिडकीही असते आणि भिंतही. नवऱ्याच्या परवानगीविना अमीना एकदाच बाहेर पडते, जवळच्याच हुसैन मशिदीच्या दर्शनाला, आणि मोटारीचा धक्का लागून पडते. नवे शहर जुन्या रस्त्यात शिरते ते असे. उलट तिचा मुलगा फहमी १९१९ च्या चळवळीत मोर्चात सामील व्हायला जुन्या शहरातून बाहेर पडतो आणि एझबेकिया बागेपाशी गोळीला बळी पडतो. ही बाग म्हणजे दोन्ही शहरांचा नेमका सांधा. कादंबरीचे दोन निर्णायक आघात सीमा ओलांडताना होतात. येथे स्थळ ही 'पार्श्वभूमी' नाही. कथानक स्थळातूनच घडते.

म्हणूनच दोन शहरांचे द्वंद्व आम्हांला अपुरे वाटते, आणि त्याचे परिणाम केवळ वाङ्मयीन नाहीत. २०१५ मध्ये कैरोच्या पूर्वेस वाळवंटात नव्या प्रशासकीय राजधानीची घोषणा झाली. २०२० पासून नव्या रस्त्यांसाठी ऐतिहासिक कब्रस्तानांतील अनेक कबरी पाडल्या गेल्या. एखाद्या भागावर 'आपोआप वाढलेला' असा शिक्का बसला की तो पाडणे सोपे जाते, कारण ज्याची कुणी योजनाच केली नाही, त्याच्या पाडण्याचा जाब कोण विचारणार? ते दोन महाल आज नाहीत. ते होते हे रस्त्याच्या नावाने लक्षात ठेवले आणि ते नाव एका कादंबरीने जगभर नेले. परंतु नावाला टिकायलाही रस्ता लागतो.