इंडी म्हणजे काय, ते वामनदादांना विचारा

सायखेड्याहून, गोदाकाठावरून बोलतोय. ब्रिटनचा 'हाफ मॅन हाफ बिस्किट' हा बँड १९८४ पासून पॉपवाल्यांची टर उडवतोय. मी त्याचा फॅन! पण आमच्या शेजारच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक माहितीयेत?

जन्म १९२२. अक्षरओळख मोठेपणी, मुंबईत. दुकानांच्या पाट्या वाचत शिकले. १९४३ मध्ये पहिलं गाणं लिहिलं, ते हिंदी गाण्याचं विडंबन! मग तीच लेखणी बाबासाहेबांच्या विचारांसाठी चालली. गाणी हजारो, गावोगाव स्वतः गायलेली.

२००४ मध्ये दादा गेले. त्यांची गाणी अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. तुमच्या आजीला एखादं येतं का, विचारा. आणि फोनचं रेकॉर्डिंग आधी चालू करा.