घरातील आरशाची जागा

घराचा इतिहास सांगणारे बहुधा दिंडीदरवाजापासून आरंभ करतात आणि दिवाणखान्यात येऊन थांबतात. घरातील माणसे सकाळी स्नान झाल्यावर केस कोठे विंचरीत, कुंकू कोठे लावीत, पागोटे कोठे बांधीत, या प्रश्नाकडे फारसे कोणी वळत नाही. आज नवे घर बांधणारा गृहस्थ नकाशात ‘ड्रेसिंग रूम’साठी जागा राखतो, आणि ती कशी सजवावी याची चर्चा घरोघर होते. ही खोली विलायतेहून आली असा सर्वसाधारण समज आहे. तो अगदीच खोटा नव्हे. परंतु ती अर्धी हकीकत झाली. उरलेली अर्धी आपल्याच माजघरातील एका कोनाड्यात सापडते, आणि ती अधिक उद्बोधक आहे.

कृष्णाकाठच्या मुलखापुरते पाहू लागले, तर आरसा येथे नवखा पाहुणा नाही. कोल्हापुरास पंचगंगेच्या तीरी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झाले. त्या टेकडीवर सापडलेल्या व पुढे कोल्हापूरच्या वस्तुसंग्रहालयात ठेवलेल्या वस्तूंमध्ये समुद्रदेवता पोसायडन याच्या ब्राँझच्या मूर्तीबरोबर एक वाटोळा, घासून चकचकीत केलेला धातूचा आरसाही आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळी रोमशी चाललेल्या व्यापाराच्या या खुणा होत. आरसा म्हणजे काच, ही समजूत फार पुढची. त्या काळी आरसा म्हणजे घासलेले धातूचे पान. आणि ते रोज घासावे लागे.

शृंगाराची मांडणी कशी असावी, याचाही विचार प्राचीनांनी केलेला आढळतो. वात्स्यायनाने नागरकाच्या शयनगृहाचे वर्णन करताना उशाकडील फळीवर उटी, माळा व विडा यांची योजना सांगितली आहे आणि भिंतीतील हस्तिदंती खुंटीस वीणा टांगली आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात आरशात पाहणाऱ्या राजस्त्रीचे प्रसिद्ध चित्र आहे. बाजूस प्रसाधनाचे तबक व चवरी घेतलेल्या दासी उभ्या आहेत. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात स्नान, विलेपन, वस्त्र, माला आणि अलंकार या प्रत्येकाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मात्र ही सारी वर्णने राजाची किंवा धनिकाची होत. सामान्य घरातील स्त्रीपुरुषांविषयी हे ग्रंथ बोलत नाहीत.

मराठी राज्यातही तोच प्रकार दिसतो. राज्यकारभाराच्या अठरा कारखान्यांत वस्त्रप्रावरणांसाठी जामदारखाना आणि दागिन्यांसाठी जवाहिरखाना अशी दोन निराळी खाती होती. पुण्याच्या शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ साली झाली. पुढे त्यात जे महाल उठले त्यांत एक आरसेमहालही होता. १८२८ च्या आगीत वाड्यातील इमारती जळाल्या आणि त्यांबरोबर ते वैभवही गेले. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आरसेमहाल हा दुसऱ्यांस वैभव दाखविण्यासाठी असतो. माणसाने स्वतःकडे निवांत पाहावे, यासाठी तो नसतो. घरगुती शृंगाराची जागा या महालांत शोधून मिळावयाची नाही.

ती शोधावयाची तर इस्लामपूरसारख्या तालुक्याच्या गावातील एखाद्या जुन्या घरात गेले पाहिजे. उरुण-इस्लामपूर हे वाळवे तालुक्याचे ठिकाण. ते १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते, मग दक्षिण सातारा जिल्ह्यात आले, आणि त्याच जिल्ह्याला १९६० साली सांगली हे नाव मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या इस्लामपूर म्हणून ओळखल्या गेलेल्या या शहरास २०२५ साली ईश्वरपूर हे नाव मंजूर झाले. या भागातील जुन्या घराची रचना ठरलेली असे: पुढे सोपा, मध्ये चौक, आत माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर व देवघर, एका अंगास धान्याची कोठी, एखादी अंधारी बाळंतिणीची खोली, आणि मागे परस. धान्याला खोली होती, देवाला खोली होती, बाळंतिणीलाही होती. पुरुषाच्या पागोट्याला सोप्यात हक्काची खुंटी होती. परंतु स्त्रीने वेणीफणी करावी, लुगडे नीट नेसून स्वतःकडे एकवार पाहावे, यासाठी घरात जागा म्हणून नव्हती. तिचे लुगडे माजघराच्या वलणीवर, आणि तिचा सारा शृंगार जाड भिंतीच्या एका कोनाड्यात.

त्या कोनाड्यातील वस्तू म्हणजे फणेरपेटी. लाकडी पेटी, झाकणाच्या आतील बाजूस बसविलेला आरसा, आणि खाली निरनिराळे कप्पे. एकात फणी, दुसऱ्यात कुंकवाचा करंडा, तिसऱ्यात मेणाची डबी, चौथ्यात काजळ. झाकण उभे केले की आरसा तयार. कपाळाला आधी मेण लावावयाचे आणि त्यावर बोटाने कुंकवाचा वाटोळा टिळा रेखावयाचा. सारे आटोपले की झाकण मिटावयाचे आणि पेटी पुन्हा कोनाड्यात. शृंगाराची खोली नव्हती, म्हणून ती खोली एका पेटीत मावेल एवढी लहान करून घेतलेली होती. कारागिरीच्या दृष्टीने ही पेटी कौतुकास पात्र आहेच. पण तिचा आकारच सांगतो की घरातील सुनेला किती जागा आणि किती वेळ मिळत असे.

त्या करंड्यातील कुंकू तर याच मातीचे. हळदीवर लिंबाचा रस व टाकणखार यांची क्रिया केली म्हणजे पिवळ्याचे लाल होते. कृष्णाकाठची हळद आणि सांगलीची हळदपेठ यांची कीर्ती जुनी आहे. सांगलीजवळ हरिपूर येथे जमिनीत खोल पेवे खणून हळद वर्षानुवर्षे साठवीत. २००५ च्या महापुराने त्या पेवांची मोठी हानी झाली. सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. शेतात राबणाऱ्या बाईच्या हातची हळद अशा रीतीने बाजारात फिरून तिच्याच कपाळावर परत येत असे.

परंतु सर्वच स्त्रियांच्या कपाळावर नव्हे. या विषयातील खरी दुःखद गोष्ट येथे आहे. पती निवर्तला की त्याच दिवशी स्त्रीची फणेरपेटी मिटे, आणि पुन्हा उघडत नसे. कुंकू पुसले जाई, बांगड्या फुटत, आणि ब्राह्मणादी जातींत तिचे केशवपन होई. मग ती मुलगी अवघी बारा वर्षांची का असेना! आरसा घरात असे. तिने मात्र त्यात पाहावयाचे नसे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालविणार नाही असा निश्चय जाहीर केला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला आणि १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. या चळवळींचे वर्णन शिक्षण व विवाह या शब्दांत केले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्यांचा एक अर्थ अगदी घरगुती आहे. मिटलेली पेटी पुन्हा उघडण्याचा हक्क त्यांनी मागितला.

याच सुमारास, याच मुलखात, शृंगाराला एक निराळी खोली लाभली. मात्र ती घरात नव्हे, नाटकगृहात. सांगलीस १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ हा खेळ केला आणि मराठी रंगभूमीचा पाया घातला. रंगभूमीबरोबर रंगपट आला. भिंतीस मोठा आरसा, दोहों बाजूंस दिवे, खुंट्यांवर क्रमाने लावलेले पोशाख, पुढ्यात रंगांच्या डब्या: आजच्या ड्रेसिंग रूमची मांडणी ती हीच. कृष्णाकाठचे नागठाणे हे गाव वाळवे तालुक्यापासून दूर नाही. तेथील नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, १९११ साली ‘मानापमान’ नाटकात भामिनी झाले. १९१६ च्या ‘स्वयंवरा’त ते रुक्मिणी झाले. त्यांचे लुगडे नेसणे, त्यांचा अंबाडा, त्यांचा गजरा यांचे अनुकरण पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतील स्त्रिया करू लागल्या. एका पुरुषाने रंगपटात केलेला स्त्रीचा शृंगार समाजाने डोक्यावर घेतला. आणि त्याच समाजातील कित्येक स्त्रिया माजघरातील आरशापासून तोंड फिरवून बसल्या होत्या. ही विसंगती ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे आरसाच स्वस्त झाला. पूर्वीचा काचेचा आरसा कथलाचा पत्रा व पारा यांच्या योगे होई. तो महाग असे आणि पाऱ्याची वाफ कारागिराचा जीव घेई. १८३५ साली लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा पातळ थर चढविण्याची रीत शोधली, आणि पुढे ती कारखान्यांतून रूढ झाल्यावर मोठे आरसे सामान्यांच्या आवाक्यात आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे-मिरज रेल्वे झाली. त्या वाटेने आलेला ‘बेल्जमचा आरसा’ बैलगाडीतून गावोगाव पोहोचला, आणि प्रथम सोप्यात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीत, लागला. माजघरात जाण्यास त्याला आणखी एक पिढी लागली.

आरशाला उजेड हवा. तोही जवळूनच आला. पैसा फंडाच्या वर्गणीतून १९०८ साली तळेगावास काचकारखाना निघाला. मग १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला आणि त्याचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर लागला. समईच्या मिणमिणत्या प्रकाशात चेहरा पाहणारी माजघरातील स्त्री प्रथमच काचेआडच्या स्थिर उजेडात स्वतःस पाहू लागली. १९३० साली किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक निघाले. पोशाख, आरोग्य, शिक्षण यांची चर्चा माजघरापर्यंत आली. १९२३ पासून गोदरेजची पोलादी कपाटे निघू लागली होती. कालांतराने दारावर लांब आरसा असलेले असे कपाट मुलीच्या लग्नात देण्याची चाल पडली. फणेरपेटीचे झाकण जणू माणसाएवढे उंच झाले. पुढे साखराळ्याच्या सहकारी साखर कारखान्याने वाळवे तालुक्यात उसाचा पैसा आणला, मातीच्या घरांच्या जागी सिमेंटची घरे आली, आणि कपाटाभोवती खोली उभी राहिली.

आता ती सजवावी कशी? इतिहासाने दिलेला धडा साधा आहे. संपूर्ण अंग दिसण्यास आपल्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो, मग उभे कितीही दूर राहा. सहा फुटी पुरुषास तीन फुटी आरसा पुरे, मात्र त्याची खालची कड डोळ्यांच्या उंचीच्या निम्म्यावर असावी. घरात उंच व ठेंगणी दोन्ही माणसे असतात. म्हणून आरसा थोडा अधिक लांब घ्यावा आणि थोडा खाली लावावा. उजेड आरशावर नव्हे, चेहऱ्यावर पडावा. रंगपटात दिवे दोहों बाजूंस असत ते याच कारणाने. भिंती पांढऱ्या किंवा फिक्या असाव्यात, नाहीतर भिंतीचा रंग तोंडावर उतरतो. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीस आरसा टेकवू नये. आतील चांदीचा थर काळवंडतो. खुंट्या मुबलक असाव्यात, त्यांत एखादी लहान मुलाच्या हाताला पोहोचेल अशी. खर्चिक कोरीवकाम, दिव्यांच्या माळा, चार बाजूंस चार आरसे यांची गरज नाही. त्याने खोलीचा आरसेमहाल होतो, आणि आरसेमहालाचा उपयोग काय असतो हे वर सांगितलेच आहे.

घरात आजीची फणेरपेटी असेल तर ती मोडीत घालू नये. पुण्यास दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास अशाच टाकाऊ मानलेल्या फण्या, करंडे, वजऱ्या गोळा करण्यास आरंभ केला, आणि त्यांतून राजा केळकर संग्रहालय उभे राहिले. प्रत्येक घराने संग्रहालय व्हावे असे नाही. पण नव्या खोलीच्या फळीवर जुनी पेटी ठेवावी आणि तिचा वापरही करावा.

शेवटी सजावटीची एक बाब अशी आहे, जिला पैसा लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला की पतिनिधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा गावातून बंद कराव्यात. राज्य शासनाने तो कित्ता इतर गावांपुढे ठेवला. म्हणजे कर्व्यांच्या आश्रमानंतर सव्वाशे वर्षांनीही हा ठराव करावा लागला. नव्या घरात ही खोली सजविताना प्रत्येक कुटुंबाने एवढे पाहावे की त्या आरशासमोरचे आसन घरातील सर्वांचे आहे: नव्या सुनेचे, शाळकरी मुलीचे, आणि पांढरे केस विंचरावयास बसलेल्या विधवा आजीचेही. तिने आपण होऊन बसण्याची वाट पाहू नये. पहिल्या दिवशी तिलाच आधी बोलवावे.