गुलामांची गलबते आणि आमची वेठ

समुद्रात होडी अडवली की माणसांचा व्यापार थांबला, ही सरकारांची फार जुनी समजूत आहे. आजही जगातली अनेक सरकारे याच समजुतीवर पहारे बसवतात. आपल्या किनाऱ्याचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

मी बोईसर-तारापूर पट्ट्यातला. आमची तारापूर, केळवे-माहीम, डहाणू ही बंदरे १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. वसई-दमणच्या फिरंगी घरांत मोझांबिकहून गलबतांतून आणलेले हबशी गुलाम राबत. चिमाजी आप्पांनी फिरंगी घालवला. पण पेशवाईतही कुणबिणी आणि बटकी विकल्या जात, आणि त्या व्यवहारात खुद्द सरकार असे. झेंडा बदलला, बाजार तोच राहिला.

कंपनी सरकारने १८४३ साली गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. १८६० च्या दंडसंहितेने माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. इंग्रजी आरमार झांजीबारहून अरबस्तानाकडे निघालेली गलबते पकडू लागले. सुटलेल्या माणसांपैकी अनेकांना मुंबईत उतरवले गेले, आणि त्यांतली मुले नाशिकजवळच्या शरणपूरला मिशनऱ्यांकडे सुतारकाम, लोहारकाम शिकली. तिथलाच जेकब वेनराइट १८७४ साली लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर लंडनपर्यंत गेला. हे काम खोटे नव्हते. त्यातून माणसे खरोखर वाचली.

१८७३ साली मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर झांजीबारला गेले. इंग्रजी दडपणाखाली तिथल्या सुलतानाने त्याच वर्षी गुलामांचे बाजार आणि समुद्रमार्गे होणारी वाहतूक बंद करण्याचा करार केला. पण त्या व्यापारामागचे बरेचसे भांडवल कच्छी पेढ्यांचे होते, म्हणजे इंग्रजांच्याच छत्राखालच्या सावकारांचे. नाखवा पकडला जाई, पेढी चालूच राही.

नेमक्या त्याच वर्षी जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना त्यांनी ती अर्पण केली. गुलामी दूरच्या समुद्रावर शोधणाऱ्यांना जोतीरावांनी ती इथल्या शूद्रातिशूद्रांच्या घरात दाखवून दिली.

ती आमच्या जंगलपट्टीतही होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे रुपये उचलणारा वारली बायकोसकट त्याचा 'लग्नगडी' होई. त्याला न्यायला गलबत लागत नव्हते. खातेवही पुरेशी होती. माणसाकडून त्याच्या इच्छेविरुद्ध काम करून घेणाऱ्याला एक वर्ष कैदेची शिक्षा त्याच १८६० च्या दंडसंहितेत लिहिलेली होती. पण तक्रार करायची कोणाकडे? पाटील, जंगलखात्याचा शिपाई आणि सावकार एकाच ओटीवर बसत.

शेवटी वेठ मोडली ती वारल्यांनीच. मे १९४५ मध्ये उंबरगाव तालुक्यातील झरीच्या सभेनंतर त्यांनी वेठ नाकारली. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्या सोबत होते. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण मेले. गुलामांच्या गलबतांवर तोफा रोखणाऱ्या सरकारनेच वेठ नाकारणाऱ्यांवर बंदुका रोखल्या.

बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घडवलेल्या संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदात माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार एकाच वाक्यात निषिद्ध ठरवले आहेत. माझ्या मते त्या वाक्याचे मोठेपण इथेच आहे. समुद्रावरचा गुन्हा आणि गावातला गुन्हा तिथे एक झाला. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने पुढचे पाऊल टाकले: ज्या कर्जापायी माणूस बांधला गेला, ते कर्जच रद्द केले. म्हणजे कायद्याचा हात खातेवहीपर्यंत पोचला.

तरी पावसाळा संपला की आमच्या पाड्यांवर आजही उचल वाटली जाते, आणि कुटुंबेच्या कुटुंबे टेम्पोत बसून वीटभट्ट्यांवर जातात. त्या टेम्पोला अडवून काही होणार नाही. पाड्यावर पोट भरेल एवढी जमीन आणि काम हवे, आणि उचल देणाऱ्याची वही कोर्टात उघडली पाहिजे. वाहन पकडणे सोपे असते; मालक पकडला जाईल तेव्हा कायदा आमचा झाला असे मी म्हणेन.